चिलखताची गाठ

उन्स्त्रूट नदीचे खोरे अजून धुक्यात बुडालेले होते आणि त्या धुक्यातून आस्कबुर्गची टेकडी, पाण्यात बसलेल्या काळ्या रेड्याने डोके तेवढे वर काढावे, तशी वर आली होती. हा काही चिरेबंदी तटांचा किल्ला नव्हे. ओक वृक्षाच्या सबंध ओंडक्यांचे दुहेरी कूड, त्यांच्यामध्ये ठासून भरलेली माती, भोवती खंदक आणि पूर्वेकडे एकच दरवाजा, एवढाच त्याचा पसारा. पण थुरिंगी लोकांचे स्वतःचे राज्य होते तेव्हापासून तो उभा होता आणि पश्चिमेकडून फ्रँकांच्या फौजा आल्या, लढाई झाली, नदीचे पात्र प्रेतांनी भरले आणि थुरिंगियाचा राजवंश बुडाला, त्यानंतरही तो उभाच राहिला होता. आता दूरच्या फ्रँक राजाला दरवर्षी डुकरांचे कळप आणि पांढरे घोडे खंडणी म्हणून जात. बदल्यात त्या राजाने मांडलिकांना एक गोष्ट ठेवू दिली होती, ती म्हणजे त्यांचा रिवाज.

त्या पहाटे दरवाज्यावरच्या माचीवर गेरलिंड उभी होती. आस्कबुर्गचा धनी अन्सहेल्म हा तिचा सख्खा भाऊ. सरहद्दीवर पूर्वेकडच्या वेंड टोळ्या उतरल्याची बातमी आली म्हणून तो स्वार घेऊन गेला होता आणि आज परतायचा होता. निघताना तिनेच त्याच्या अंगावर चिलखत चढवले होते. लोखंडी पट्ट्या चामड्याच्या वाद्यांनी ओवून केलेले ते जुने चिलखत उजव्या कुशीला उघडे असे. तिथे पट्ट्यांची एक बाजू दुसरीवर चार बोटे चढवायची आणि वर वाद्यांची गाठ मारायची. ही गाठ त्या घराण्याची होती. ती बाहेरच्या कोणाला शिकवायची नाही, आणि घरच्या रक्ताच्या माणसावाचून कोणी बांधायची वा सोडायची नाही. गेरलिंड ती बांधताना टकळीवर स्वतः कातलेला लोकरीचा निळा धागा गाठीच्या पोटात गुंफत असे. भावाला तो ठाऊक होता. तो हसायचा.

"तुझ्या धाग्याला भिऊन भाले वळतात की काय, गेरे?"

"तुला अक्कल येईपर्यंत तेवढाच आधार," ती म्हणायची.

धुके विरले तेव्हा नदीच्या उताराने स्वार येताना दिसले. पुढे अन्सहेल्मची करडी घोडी होती. तिच्यावर तो पालथा बांधलेला होता, आणि लगाम धरून पायी चालत होता रातोल्फ.

रातोल्फ हा तिच्या चुलत चुलत्याचा मुलगा. पोरका झाला तेव्हा तिच्या बापाने त्याला घरी आणले, अन्सहेल्मच्या ताटात जेवू घातले, घोड्यावर बसवले आणि घराण्याची गाठही शिकवली. दिसायला देखणा, बोलायला गोड. गेल्या दोन हिवाळ्यांत फ्रँकांच्या दरबारी त्याच्या खेपा वाढल्या होत्या आणि बोटात तिकडची एक जाड सोन्याची अंगठी आली होती.

दरवाज्यात तो गुडघ्यावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. "ओढ्याजवळ होतो आम्ही दोघेच. बाकीचे उतार शोधायला पुढे गेलेले. झाडीतून वेंडाचा भाला आला, पट्ट्यांच्या फटीतून उजव्या कुशीत. मी धरला त्याला, गेरलिंड. माझ्या मांडीवर गेला तो."

गेरलिंड घोडीजवळ गेली. तिचे डोळे गाठीवर होते. गाठ घट्ट होती, नेटकी होती, घराण्याचीच होती. निळा धागा मात्र कुठेच नव्हता.

रणात पडलेल्या पुरुषाला न्हाऊ घालणे हे घरच्या बायकांचे काम. त्याचाही रिवाज ठरलेला होता. मेलेल्याच्या चिलखताची शेवटची गाठ बायकांनी सोडायची नसते. ती त्याच्या वारसाने, पंचांच्या सभेत, सगळ्यांसमोर सोडायची असते. म्हणून बायकांनी खांद्यांच्या आणि डाव्या कुशीच्या वाद्या मोकळ्या करून चिलखत अलगद उतरवले आणि उजवी गाठ तशीच ठेवली. आतल्या नमद्याला, म्हणजे जाड लोकरी अस्तराला, कुशीत एक चीर होती, अरुंद आणि खोल, सुरीने पडावी तशी. गेरलिंडने ती चीर पाहिली आणि बाहेरून त्याच जागेवर बोट ठेवले. वर लोखंडाच्या दोन थरांवर ओरखडासुद्धा नव्हता.

बायका गेल्यावर तिने विगोला बोलावले. विगो हा घराण्याच्या पागेचा म्हातारा राखणदार. तिच्या बापाबरोबर लढलेला, एका कानाने बहिरा आणि दोन्ही हातांनी भांडखोर.

"विगोबाबा, ही गाठ कोणी मारलीय?"

त्याने वाकून पाहिले. "तूच. निघताना मी तिथेच होतो."

"माझा धागा कुठाय?"

 म्हातारा ताठ झाला आणि भिंतीवरची कुऱ्हाड काढायला गेला.

"खाली ठेव ती."

"त्या सापाला आपण दूध पाजलं, गेरे! ह्या घरात पाजलं!"

"म्हणूनच ठेव खाली. ऐक. चिलखत उघडं असताना सुरी मारली. अन्स उकाड्याने कासावीस झाला असेल, 'सोड रे जरा' म्हणाला असेल. दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नसता. आणि मारल्यावर ह्याने गाठ पुन्हा बांधली."

"का बांधली? वाद्या तोडून टाकायच्या. वेंडांनी तोडल्या म्हणायचं."

गेरलिंडने मेलेल्या भावाच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "आपल्यात चिलखत सैल सोडून पुरुषाचं प्रेत घरी आणत नाहीत, विगोबाबा. लाज असते ती. बाबांनी दोघांना शिकवलं होतं. खून करताना हात थरथरला नाही त्याचा, पण घराण्याची लाज उघडी टाकून घरी यायला तो धजावला नाही."

विगो थुंकला. "मग जा पंचांपुढे. सांग."

"काय सांगू? धागा नाही म्हणून? मी फिर्याद केली, की तो बारा शपथेचे सोबती उभे करील. बारा जणांनी शस्त्रावर हात ठेवून 'हा निर्दोष' म्हटलं की सुटला. फ्रँकांच्या सोन्यात बाराचे बावीस मिळतात. मग मी खोटी, आणि तो धनी." तिचा आवाज चढला नाही, पण विगोला तो ऐकवेना. "मला त्याला अंधारात कापायचा नाही. त्याच्याच हाताने, त्याच्याच तोंडाने, सगळ्यांच्या देखत त्याला बांधायचा आहे. ही गाठ रक्तावर बांधली गेलीय. तर रक्त गाठीच्या आत असणार."

"आणि त्याने वाद्या ओढ्यात धुतल्या असल्या तर?"

गेरलिंडने गाठीकडे पाहिले. "तर मी हरले."

गाठ सोडून बघणे तिला एका क्षणाचे काम होते. तिने बघितले नाही. एकदा तिचा हात लागला, की गाठ साक्षीला उभी राहणार नव्हती. चिलखत तिने खांबावर टांगले, पागेतल्या चार जणांचा पहारा बसवला आणि भावाला टेकडीच्या उतरणीवर, बापाशेजारी, त्याच्या करड्या घोडीसकट पुरले.

दुखवट्याचे दिवस सरतात न सरतात तोच रातोल्फने धन्याच्या बाकावर घोंगडी अंथरली. एके दुपारी त्याने गेरलिंडला समोर बोलावले. हातात मद्याचे शिंग होते आणि चेहऱ्यावर काळजी.

"तुझं काय करायचं, हा घोर लागलाय मला, बाळ. एकटी बाई. मोझेल नदीकाठी फ्रँक राणीने बांधलेला मठ आहे. भिंती दगडी, थंडी लागत नाही. केस कापतात, पण ते परत वाढतात."

"आणि जमीन?"

"जमिनीला पुरुष लागतो. वंशात आता भाला धरणारा मी एकटाच. राजाचा वकील येतोय. त्याने माझ्या मस्तकावर हात ठेवला की झालं."

"वकिलाच्या हाताने जमीन मिळते होय रे आता?" गेरलिंड म्हणाली. "जुना रिवाज नको? बरोबरच आहे. सभेत उभं राहून अन्सचं चिलखत अंगावर घ्यायचं, म्हणजे ते पेलायला छाती लागते."

बाकांवरचे चारसहा जुने स्वार खाली माना घालून हसले. रातोल्फचे कान लाल झाले. "जीभ तशीच आहे तुझी. मठात मौन शिकवतात."

"मग जाण्याआधी बोलून घेते."

फ्रँक राजाचा वकील लांदेबेर्त हा थकलेला, चतुर आणि पोटाच्या विकाराने त्रासलेला माणूस होता. सगळ्या मांडलिकांच्या दारी जाऊन तेच खारवलेले डुकराचे मांस खायचे आणि तेच मुजरे झेलायचे, याचा त्याला वीट आला होता. गेरलिंडने त्याच्यासाठी दुधात शिजवलेली सातूची पेज नेली. दोन दिवसांत प्रथमच त्याच्या पोटात काही टिकले.

"मागणं काय आहे बाईसाहेबांचं?" त्याने विचारले. "पेज फुकट नसते, एवढं मला कळतं."

"मागणं नाही, सरदार. सावधगिरीचा शब्द आहे. रातोल्फला धनी करा, पण आमच्या रिवाजाने करा. आमच्याकडे तीन गोष्टी एकाच हाती जातात: जमीन, चिलखत आणि मेलेल्याचा सूड. ज्याने जमीन घ्यायची त्याने चिलखत घालायचं आणि मारणाऱ्याचा जीव घ्यायचा. हे सभेत झालं नाही, तर लोक त्याला धनी मानणार नाहीत. आणि धनी मानला नाही, तर वसंतात घोडे कुरणातून निघणार नाहीत."

लांदेबेर्तने चमचा खाली ठेवला. डुकरे काय, कोणीही देतो. पण थुरिंगियाचे पांढरे घोडे राजाच्या जिवाभावाचे होते. "तुम्हाला ह्यात काय मिळणार?"

"मला माझ्या भावाचा सूड घेतलेला बघायचाय. तो घेतला गेला, की तुमच्या मठात खुशाल पाठवा."

लांदेबेर्तने चमचा पुन्हा उचलला. या बाईच्या मनात काहीतरी आहे हे त्याला समजले, काय आहे ते समजले नाही. आणि शहाण्या वकिलाप्रमाणे त्याने ते विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली, की वारशाचा विधी देशरिवाजाप्रमाणे सभेत होईल.

रातोल्फ ऐकून हसला. सुडाचीही तयारी त्याने करून ठेवली होती. सरहद्दीवर मेंढरे चारणारा एक वेंड त्याच्या माणसांनी पकडून आणला होता. द्रागो त्याचे नाव. थुरिंगी भाषेतली मोजकी वाक्ये त्याला येत, आणि मार खाऊन खाऊन त्यांतले एकच उरले होते: "मी नाही." त्याला सभेत उभा करायचा, मारेकरी म्हणून भोसकायचा, की सूडही फिटला आणि तोंडही बंद झाले.

सभा भरली ती टेकडीखाली, जुन्या अ‍ॅश वृक्षाच्या सावलीत. गावोगावचे मोकळे, म्हणजे कोणाचे दास नसलेले, पुरुष भाले घेऊन वर्तुळ करून उभे राहिले. बायका त्यांच्या मागे. लांदेबेर्तला बसायला मेंढीचे कातडे घातलेली घडवंची दिली होती. मध्यभागी ओतकर उभा होता. त्या मुलुखाचा कायदा कोणी लिहून ठेवलेला नव्हता; तो ओतकरच्या डोक्यात होता, त्याआधी त्याच्या गुरूच्या डोक्यात होता. त्याची नजर अधू झाली होती, पण तोंडी पाठ एका अक्षराने ढळला नव्हता.

विगोने चिलखत टांगलेला खांब आणून मधोमध रोवला. चिलखताला माती लागू नये म्हणून खाली घरच्या बाईने कापड धरायचे असते. गेरलिंडने आपल्या मागावर विणलेले, न रंगवलेले शुभ्र कापड उलगडले, एक टोक आपण धरले, दुसरे विगोच्या बायकोच्या हाती दिले.

"वारस कोण म्हणवतो?" ओतकरने विचारले.

"मी. रातोल्फ."

"जमीन, चिलखत आणि सूड. तिन्ही एका हाती घेतोस?"

रातोल्फने लोखंडावर उजवा हात ठेवला. त्याचा आवाज चांगला होता. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेला. "तिन्ही एका हाती घेतो. अन्सहेल्मला मारणाऱ्याचे रक्त मी सांडीन. तो माझ्या ओळखीचा असून मी त्याला सोडले, तर ही जमीन, हे लोखंड आणि माझी मान सभेची."

पुरुषांनी ढालींवर भाले आपटले. शपथ झाली.

"शेवटची गाठ सोड," ओतकर म्हणाला.

तेव्हा गेरलिंड बोलली. "थोडं थांबा, ओतकरबाबा. फ्रँक सरदार परके आहेत. ही गाठ कसली, हे त्यांना कळायला हवं. रातोल्फ, सांग ना त्यांना. तुझ्याइतकं छान कोण सांगणार?"

रातोल्फने तिच्याकडे संशयाने पाहिले. पण सगळा मुलूख ऐकत होता आणि वकीलही पुढे वाकून बसला होता. मोठेपणाची संधी आयती चालून आली होती. "सरदार, ही आमच्या घराण्याची गाठ," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला येत नाही. पात्याशिवाय ती सोडणारे आणि बांधणारे ह्या जगात फक्त आमच्या रक्ताचे. अन्सहेल्म गेला, आता मी आहे, आणि ही गेरलिंड." त्याने बोटे चालवली. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. "बघा. परक्याला जन्म गेला तरी जमायचं नाही."

तिसरा वेढा अडला. चामडे आतून कडक झाले होते. रातोल्फने जोराने हिसका दिला आणि वाद्या मोकळ्या झाल्या.

शुभ्र कापडावर काहीतरी झडले. गंज असावा तसा तांबूस-काळा भुगा, मग एक खपली, नखाएवढी, मग आणखी. वाऱ्याची झुळूक नव्हती. सगळे कापडाकडे बघत होते. गेरलिंडने इतके दिवस कोंडून धरलेला श्वास सोडला.

"ओतकरबाबा," ती म्हणाली, "माझ्या भावाचं रक्त गाठीच्या पोटात कसं?"

म्हाताऱ्याने जवळ येऊन वाद्या बोटांत धरल्या, नाकाशी नेल्या, मग जिभेला लावल्या. "बाहेरून वाद्या कोऱ्या आहेत," तो सावकाश म्हणाला. "रक्त वेढ्यांच्या आतल्या अंगाला आहे. गाठ रक्तानंतर बांधलेली आहे."

"रक्त झिरपतं!" रातोल्फ ओरडला.

"लोखंडातून?" गेरलिंडने पट्ट्यांची वरची बाजू उचलून सगळ्यांना दाखवली. "नमद्याला चीर इथं आहे. चिलखत मिटलेलं असतं तर तिच्यावर दोन थर असते. एकाला तरी ओरखडा दाखवा. चिलखत सोडलं, मग मारलं, मग पुन्हा बांधलं. त्या दिवशी मी इथं होते, सगळ्या किल्ल्याने मला पाहिलंय. आणि ही गाठ जगात दुसरं कोण बांधतं, ते आत्ताच तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. माझ्या नव्हे, त्याच्याच तोंडून."

 मग मागच्या रांगेतून एका बाईचा हुंदका ऐकू आला आणि मधमाश्यांचे पोळे उठावे तसा पुरुषांचा आवाज उठला.

रातोल्फने हात वर केला. घाम फुटला होता, पण डोके अजून शाबूत होते. "आळ आहे हा! माझे शपथेचे सोबती आहेत. बारा जण. आत्ता शपथ घेतील!"

ते पुढे सरसावलेही. ओतकरने काठी आडवी धरली.

"आरोपीचे सोबती फिर्यादीविरुद्ध शपथ घेतात," तो म्हणाला. "खुनाचा फिर्यादी तोच, ज्याच्याकडे सूड असतो. सूड कोणाकडे आहे, रातोल्फ?"

रातोल्फची नजर चिलखतावर गेली.

"तुझ्याकडे आहे. आत्ताच घेतलास. आता तूच फिर्यादी आणि तूच आरोपी. स्वतःविरुद्ध शपथ घ्यायला सोबती कुठून आणणार, बाबा? कायद्यात वाट एकच आहे. तू बोललास तसं कर. मारणाऱ्याचं रक्त सांड."

कोणीतरी हसले. ते हसू फार वाईट होते.

रातोल्फ वळला तो वकिलाकडे. "सरदार! राजाची अंगठी आहे माझ्या बोटात!"

लांदेबेर्तने पांढऱ्या कापडाकडे पाहिले, भोवतीच्या भाल्यांच्या रानाकडे पाहिले आणि पोटावर हात ठेवला. "राजाने तुम्हाला तुमचा रिवाज दिला आहे," तो म्हणाला. "तो काढून घ्यायचा हुकूम मला नाही."

मग रातोल्फने अखेरचा डाव टाकला. चिलखत हिसकावून त्याने अंगावर ओढले, वाद्या लोंबत राहिल्या. कोणाच्या तरी हातातला भाला घेतला आणि दोरखंडांनी बांधलेल्या द्रागोवर धावला. "मारेकरी हा आहे! हा घ्या तुमचा सूड!"

द्रागोने डोळे मिटले. भाला त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. गेरलिंड कापड टाकून मध्ये आली होती. पाते तिच्या डाव्या तळहातातून आरपार गेले आणि तिने बोटे मिटून दांडा तसाच धरून ठेवला.

"ओतकरबाबा," तिचा आवाज विलक्षण शांत होता, "सुडाची शपथ घेणारा निरपराध्यावर शस्त्र चालवतो. सूड आता कोणाकडे?"

"त्याच्या हातून गेला."

"वंशात दुसरा भाला धरणारा आहे?"

"नाही. भाल्याची ओळ संपली, की वारसा टकळीकडे जातो. तुझ्याकडे, बाई. जमीन, चिलखत आणि सूड."

"तिन्ही एका हाती घेते," गेरलिंड म्हणाली.

रातोल्फ भाला सोडवायला धडपडत होता. त्याचा उजवा हात वर होता आणि उजवी कूस उघडी होती. तिने ती बांधली नव्हती. बांधणारे दुसरे कोणी जगात नव्हते. कमरेची अन्सहेल्मची सुरी तिने उपसली आणि जिथे नमद्याला आधीची चीर होती तिथेच, त्याच चिरेतून, मुठीपर्यंत आत घातली.

तो तिच्या खांद्यावर कोसळला. लहानपणी दमला की असाच तो तिच्या खांद्यावर डोके टेकत असे. "गेरे," तो म्हणाला, "बांध... उघडा नको नेऊस मला."

तिने त्याला जमिनीवर टेकवले. ती गाठ बांधील म्हणून सगळे थांबले. गाठ न बांधताच ती उठून उभी राहिली.

द्रागोचे दोर विगोने कापले. मेंढपाळ आधी उभाच राहीना. मग गेरलिंडच्या रक्ताळलेल्या हाताकडे बोट दाखवून त्याने अंगातला फाटका सदरा काढला आणि त्याची पट्टी फाडून दिली. वकिलाला घोडे वसंतात मिळाले. दरबारात त्याने एवढेच सांगितले, की आस्कबुर्गचा नवा धनी विश्वासाचा आहे. ती बाई आहे हे त्याने सांगितले की नाही, कोणास ठाऊक.

त्या दिवशी सभा मोडली तेव्हा ओतकर मागे थांबला होता.

"बाईसाहेब, एक राहिलं. रातोल्फही मोकळा पुरुष होता. त्याचंही काही वतन होतं. त्याचा सूड कोणाकडे जातो, हे मला सांगावं लागतं."

"त्याचा जवळचा वारस कोण?"

"तुम्ही."

विगो भडकला. "हा काय चावटपणा आहे! कायद्याने घेतलेल्या सुडाचा कुठे सूड असतो?"

"नसतो असं म्हणणारे आहेत," ओतकर म्हणाला. "माझ्या गुरूने मला तसं शिकवलेलं नाही."

गेरलिंडने हाताला गुंडाळलेल्या चिंधीकडे पाहिले. "तोही माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षे तिने आस्कबुर्ग राखला. घोडे वाढवले, वेंडांशी तह केला, द्रागोच्या मेंढरांना नदीअलीकडचे कुरण दिले. मागणी घालायला कोणी आले नाही. दरसाल सभा भरली, की ती ते चिलखत घालून अ‍ॅश वृक्षाखाली बसे आणि उजव्या कुशीच्या वाद्या मोकळ्या सोडलेल्या असत. परक्यांना वाटे, बाईला घाई झाली असेल. मुलुखातल्या लोकांना कळत असे. रातोल्फचा सूड तिच्या हाती होता आणि तो तिच्याच जिवावर घ्यायचा होता; ती तो लपवत नव्हती, फेडतही नव्हती; कूस उघडी ठेवून बसत होती.

गाठ तिने कोणालाच शिकवली नाही. म्हातारपणी ती गेली तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घातले, चिलखत चढवले आणि एकमेकींकडे पाहिले. बांधता येणारे कोणी उरले नव्हते. एकीने टकळीवरचा निळा धागा तोडून त्या उघड्या कुशीत ठेवला, आणि थुरिंगियात सैल चिलखताने मातीत गेलेले माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले गेले.